आइसलँडला गाडीने दुसरी फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा आइसलँडला जाणाऱ्यांसाठी माहितीचा तोटा नाही. रिंग रोडची एक फेरी मारून आलेल्या, निम्मं धावपळीत पाहिलेल्या आणि आता पुन्हा जायचं म्हणणाऱ्या मंडळींसाठी हे पान आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त दक्षिण किनाऱ्याबद्दल आम्ही जरा कंजूषपणे लिहिलं आहे, तेवढं समजून घ्यावं.

एकदा अख्खं बेट फिरून झालं, मग पुन्हा त्याच रस्त्याने कशाला?

अख्खं बेट फिरून झालेलं नसतं, हे पहिलं उत्तर. रस्ता क्रमांक 1, म्हणजे रिंग रोड, सुमारे 1,322 किलोमीटरचा आहे. तो बेटाला वळसा घालतो खरा, पण वायव्येचे वेस्टफ्योर्ड्स, पश्चिमेचं स्नायफेल्सनेस, उत्तरेचं ट्रोट्लास्कागी ही सगळी द्वीपकल्पं तो बाहेरच ठेवतो. आणि मधलं ओसाड पठार तर त्याच्या वाटेवर येतच नाही. पहिल्या फेरीत बहुतेकांचे निम्मे दिवस राजधानी रेक्याविक ते योकुल्सारलोनचं हिमतळं या पट्ट्यात जातात. मग पूर्व आणि उत्तर 'उरकली' जाते.

दुसरं उत्तर असं की रस्ता तोच राहत नाही. हा रस्ता पूर्ण जोडला गेला तो 1974 साली, दक्षिणेच्या स्केदारासांदूर या वाळूच्या मैदानावर पूल बांधल्यावर. तोपर्यंत रेक्याविकहून जवळच्या वाटेने हॉफ्नला जाताच येत नव्हतं, उत्तरेकडून सगळं बेट फिरून जावं लागे. स्केदारा नदीवरचा तो पूल 880 मीटरचा, देशातला सर्वांत लांब. 1996 च्या शरद ऋतूत व्हाटनायोकुल हिमनदीच्या पोटात ज्वालामुखी फुटला, वितळलेलं पाणी आधी बर्फाखालच्या तळ्यात साठलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदम बाहेर पडलं. ऐन भरात सेकंदाला सुमारे 50,000 घनमीटर पाणी, आणि त्यात घराएवढे हिमखंड. पुलाचा काही भाग गेला, शेजारचा एक पूल तर पुरताच गेला. स्काफ्ताफेल्लजवळ रस्त्याच्या कडेला त्याच्या दोन पोलादी तुळया ठेवल्या आहेत. जवळ जाऊन पाहा. जाडजूड तुळई पिळलेल्या धोतरासारखी वळली आहे, आणि तिच्या कडेने हात फिरवला की रिव्हेट जिथे उपटले गेले ती भोकं बोटाला लागतात.

गोष्ट इथे संपत नाही. हिमनदी मागे हटत गेली आणि 2009 मध्ये स्केदाराने पात्रच बदललं, पाणी पश्चिमेच्या गिग्यूक्विस्ल नदीला जाऊन मिळालं. देशातला सर्वांत लांब पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला. 2017 पासून वाहतूक तिथल्या एका छोट्या नव्या पुलावरून जाते. पूर्वेला रस्ता क्रमांक 1 त्याच वर्षी डोंगरावरून काढून किनाऱ्याने वळवला गेला आणि 2019 मध्ये बेरुफ्योर्दुरच्या टोकाचा शेवटचा खडीचा तुकडा डांबरी झाला. तुम्ही 2016 मध्ये गेला असाल तर तुमचा जुना नकाशा आता जुळणारच नाही.

कोणत्या दिशेने जावं?

पहिल्या वेळी दक्षिणेकडून गेला असाल तर आता घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडून सुरुवात करा. बहुतेक पर्यटक दक्षिणेकडून निघतात. त्यामुळे उत्तरेत पोचेपर्यंत ते थकलेले असतात आणि आकुरेरी ते रेक्याविक हा 388 किलोमीटरचा पट्टा एका दमात कापून विमान गाठतात. उलट निघालं की हाच पट्टा ताज्या डोळ्यांनी बघायला मिळतो. शिवाय सगळ्या टूर बस सकाळी रेक्याविकहून पूर्वेकडे निघतात, तुम्ही मात्र समोरून येत असता. सेल्यालँड्सफॉस धबधब्याला संध्याकाळी उशिरा पोचलात तर वाहनतळ रिकामा मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

एक तोटाही आहे. थिंगवेट्लिर, गेसिर आणि गुट्लफॉस शेवटी आले तर, उत्तरेचा डेत्तिफॉस धबधबा पाहून आलेल्या माणसाला गुट्लफॉसचा धबधबा जरा सौम्य वाटतो. आम्हाला तरी वाटला.

किती दिवस हवेत?

दुसऱ्या फेरीला दहा दिवसांपेक्षा कमी देऊ नका. वेस्टफ्योर्ड्स जोडणार असाल तर चौदा. ढोबळ अंतरं अशी: रेक्याविक ते विक 187 किमी, विक ते हॉफ्न 270 च्या आसपास, हॉफ्न ते एगिल्सस्तादिर 250, तिथून मीवाट्न 165, मीवाट्न ते आकुरेरी 90 च्या आत. कागदावर ही अंतरं पुणे-कोल्हापूरसारखी सोपी दिसतात. पण वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी 90, खडीवर 80 आणि गावात 50. कॅमेरे आहेत आणि दंड रुपयांत मोजल्यावर पोटात गोळा येतो.

एक शिफारस: सलग दोन रात्री एकाच ठिकाणी असं निदान दोनदा तरी करा. एकदा मीवाट्न तळ्याकाठी, एकदा पूर्वेच्या एखाद्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीकाठी. रोज बॅग बांधण्यात सुट्टी संपते.

कोणता महिना चांगला?

पहिल्यांदा जून-जुलैत गेला असाल तर आता सप्टेंबर. कारणं तीन, आणि तिसरं आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रात्री पुन्हा अंधारायला लागतात, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर उत्तरध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. खुरट्या झुडपांवर तांबडा-पिवळा रंग चढतो. आणि 'रेत्तिर' असतं.

रेत्तिर म्हणजे उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या खाली आणून मालकांनुसार वाटून घेण्याचा दिवस. मधोमध गोल वाडगं, त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे, प्रत्येक शेतघराचा एक कप्पा. माणसं मधल्या गर्दीत शिरतात, मेंढीला शिंगांना धरतात, दोन गुडघ्यांत दाबतात, कानाची खूण आणि बिल्ला बघतात आणि ओढत आपल्या कप्प्यात नेतात. सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा हेच करत असतात, फक्त मेंढी त्यांना ओढत नेते. लोकरीचे स्वेटर, रबरी बूट, मध्येच कुणीतरी गाणं धरतं आणि सगळे त्यात मिसळतात. मेंढ्यांचं रेत्तिर बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतं. स्कागाफ्योर्दुरला महिन्याच्या शेवटी लौफस्काउलारेत्त नावाचं घोड्यांचं रेत्तिर भरतं. पाहुण्यांना मज्जाव नसतो, पण कुंपणाबाहेर राहायचं आणि कुणी बोलावलं तरच आत जायचं.

सप्टेंबरात काय मिळत नाही? पफिन पक्षी. ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रावर निघून जातात. पफिनच बघायचे असतील तर मे ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जा आणि पूर्वेच्या बोर्गारफ्योर्दुर एस्त्री गावातल्या हाफ्नारहोल्मीला थांबा. तिथे लाकडी पायऱ्यांवर उभं राहून पक्षी इतका जवळून दिसतो की मोठी लेन्स लागत नाही.

दक्षिण किनारा दुसऱ्यांदा करावा का?

थोडासाच. स्कोगाफॉस पुन्हा बघायला कुणाचीच ना नसते. रेनिसफ्यारा किनाऱ्यावर मात्र 'आपण आलोय इथे, माहीत आहे' या आत्मविश्वासाने जाऊ नका. तिथे शांत वाटणाऱ्या लाटांमधूनच अचानक एक लाट बरीच आत येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे बळी गेले आहेत. दिव्यांची सूचनायंत्रणा लावली आहे ती पाळा आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

वाचलेला वेळ वेस्टमन बेटांना द्या. लँडेयाहॉफ्न बंदरातून फेरीबोट सुमारे 40 मिनिटांत हैमाए बेटावर नेते. 23 जानेवारी 1973 च्या रात्री या बेटावर गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि लाव्हा उसळू लागला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या होड्या बंदरातच होत्या, म्हणून पाच हजारांवर लोकांना त्याच रात्री मुख्य बेटावर हलवता आलं. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला, तेव्हा लोकांनी महिनोन्‌महिने त्यावर समुद्राचं पाणी मारून त्याला थंड केलं आणि बंदर वाचवलं. राखेखालून खणून काढलेलं एक घर आज एल्दहैमार संग्रहालयाच्या मधोमध तसंच उभं आहे. पहिल्या फेरीत हे जवळपास कुणीच करत नाही.

सगळीकडे काळा बेसाल्टच. सह्याद्रीत काय कमी आहे?

हा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण चांगला आहे.

दोन्ही ठिकाणचा खडक एकाच घराण्यातला आहे. फरक वयाचा. दख्खनचे लाव्हारस सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे, तर आइसलँडमधला पृष्ठभागावरचा सर्वांत जुना खडक साधारण दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. आणि तिथलं काम अजून चालू आहे. अटलांटिकच्या मधोमध दोन भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने दूर जातायत आणि ती फट बेटाच्या अंगावरून जाते.

म्हणूनच मराठी माणसाने पूर्वेचे फ्योर्ड सावकाश बघावेत, असं आमचं ठाम मत आहे. बेरुफ्योर्दुर किंवा रेदारफ्योर्दुरला समोरच्या कड्याकडे बघा. लाव्ह्याचे थर एकावर एक, पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेले, आणि दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची रेघ. माळशेज किंवा वरंधा घाटात हीच तांबडी रेघ बघून आपण पुढे जातो. एक लाव्हा ओतला गेल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात वरचा भाग कुजून माती झाली, तिची ती खूण. आपल्याकडे पुढचं कोरीव काम पावसाने केलं, तिथे बर्फाने. म्हणून आपली दरी अरुंद आणि खोल, तिथली परातीसारखी रुंद.

ड्यूपिवोगुर गावाजवळ टैगारहॉर्न नावाची जागा आहे. तिथे जिओलाइटचे स्फटिक सापडतात, म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये गरम पाण्यामुळे तयार झालेली पांढरी, गुलाबी, पारदर्शक खनिजं. नाशिक, जळगाव, पुणे भागातल्या विहिरी आणि दगडखाणींतून निघणारे स्फटिक याच जातीचे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलेल्याला टैगारहॉर्नचं छोटं दालन माहेरचं वाटेल. ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉर्ज वॉकर यांनी पूर्व आइसलँडच्या याच डोंगरांत कोणत्या खोलीवर कोणतं जिओलाइट मिळतं याचा अभ्यास केला आणि त्यावरून मूळ डोंगर किती झिजला याचा अंदाज बांधला. टैगारहॉर्न संरक्षित आहे. तिथला खडा उचलून खिशात घालायचा नाही, अगदी लहानसुद्धा.

बेसाल्टचे खांब हवे असतील तर अंधेरीची गिल्बर्ट हिल घराजवळ आहेच. पण त्याच खांबांच्या भिंतींतून नदी वाहताना बघायची असेल तर पूर्वेची स्टुद्लागिल घळ.

स्टुद्लागिलचं पाणी फोटोत निळं-हिरवं दिसतं, आम्हाला राखाडी का दिसलं?

चुकीच्या आठवड्यात गेलात. ही घळ पूर्वी पाण्याखालीच होती. वर काराह्न्यूकार जलविद्युत प्रकल्पाचं धरण झालं, नदीचं गढूळ पाणी वळवलं गेलं आणि खालचे खांब उघडे पडले. उन्हाळाभर धरण भरत जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात ते भरून वाहू लागलं की हिमनदीचं राखाडी पाणी पुन्हा या घळीत येतं आणि निळा रंग गायब होतो. निळ्याचा आग्रह असेल तर जून-जुलै. आणि घळीच्या आत उतरायचं असेल तर पूर्व बाजूच्या वाहनतळावरून चालत जा. पश्चिमेच्या बाजूने पायऱ्या आणि वरून दृश्य, एवढंच मिळतं.

डेत्तिफॉस कोणत्या बाजूने बघावा?

पहिल्यांदा पश्चिमेकडून पाहिला असेल (रस्ता डांबरी असल्याने बहुतेक तिकडूनच जातात), तर आता पूर्वेकडून. 864 क्रमांकाचा रस्ता खडीचा आहे, हाडं खिळखिळी होतात, पण धबधब्याच्या अगदी काठाशी पोचता येतं. 44 मीटर उंच, सुमारे 100 मीटर रुंद, आणि पाणी सिमेंट कालवल्यासारखं. पुढे त्याच रस्त्याने आस्बिर्गीला जा. घोड्याच्या नालेच्या आकाराची ही प्रचंड दरी हिमनदीच्या पुरांनी कोरली. लोककथा म्हणते, ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याच्या खुराचा तो ठसा.

वेस्टफ्योर्ड्स जोडावेत का?

चार दिवस मोकळे असतील तर जरूर, दोनच असतील तर नको. तिथे रस्ता प्रत्येक फ्योर्डच्या आत शिरतो आणि तितकाच बाहेर येतो. समोरचं गाव पाण्यापलीकडे दिसत असतं आणि पोचायला पाऊण तास लागतो. खडीचे घाट आहेत, कठडे नेहमी असतीलच असं नाही. बदल्यात डिन्यांदी धबधबा आणि लात्राब्यार्गचे पक्ष्यांनी गजबजलेले कडे मिळतात. तिथली गर्दी म्हणजे पाच गाड्या.

फोर बाय फोर गाडी लागतेच का?

रिंग रोडसाठी उन्हाळ्यात नाही. एफ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांसाठी कायद्यानेच लागते. ते रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि सप्टेंबरमध्ये बर्फ पडेल तसे बंद होतात. त्यांवर पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात, आणि नदीत गाडीत पाणी शिरलं तर बहुधा कोणताच विमा भरपाई देत नाही. डोंगरी पठार बघायचंय पण नदीत गाडी घालायची छाती नाही, अशांनी क्योलुर, म्हणजे रस्ता क्रमांक 35 चा विचार करावा. गुट्लफॉसपासून उत्तरेपर्यंत बेट आरपार कापणारा हा खडीचा रस्ता. त्याच्या नद्यांवर पूल आहेत. तरी भाड्याच्या करारात त्याला परवानगी आहे ना, ते आधी वाचा.

रस्ता सोडून मॉसवर (शेवाळावर) किंवा वाळूत गाडी घालणं हा गुन्हा आहे. चाकांची खूण तिथे कित्येक वर्षं राहते.

भारतीय लायसन्स चालतं का? आणि उजव्या बाजूची सवय?

लायसन्स इंग्रजीत, फोटोसह असेल तर चालतं. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, तो वर्षभर वैध असतो. गाडी देणाऱ्याशी काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वयाची अटही बघा: छोट्या गाडीला साधारण 20, मोठ्या गाडीला त्याहून जास्त.

उजव्या बाजूची सवय दुपारपर्यंत होते. आइसलँडची मंडळीही 26 मे 1968 पर्यंत डावीकडूनच गाडी चालवत होती. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, दोन लेनचा चौकातला गोल. तिथे आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला प्राधान्य असतं, बाहेरच्या लेनवाल्याने थांबायचं. दोन, एकेरी पूल. जो आधी पोचला तो आधी जातो. पण आकार बघून, अंतर बघून, शंका आली की थांबावं. दिवे दिवसाही चालू हवेत.

आणि मेंढ्या. रस्त्याच्या एका कडेला आई आणि दुसऱ्या कडेला पिल्लू दिसलं, तर पिल्लू नक्की तुमच्यासमोरूनच धावणार. वेग कमी करा.

विमा किती घ्यावा?

खडीचा विमा घ्याच, काच फुटणं अगदी नित्याचं आहे. वाळू आणि राखेचा विमा दक्षिणेच्या वाळवंटी पट्ट्यासाठी, विशेषतः वसंत आणि शरदात, घ्यावा. वादळात उडणारी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. वाऱ्याने दार उलटं मुडपलं तर मात्र बहुतेक विमे हात वर करतात.

त्यामुळे दाराचा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. दार उघडताना एक हात आतल्या मुठीवर, दुसरा दाराच्या कडेवर. एका वेळी एकच दार. मागच्या सीटवरच्या पोरांनी आपण होऊन दार उघडायचं नाही.

हवामानाची भीती कितपत बाळगावी?

थंडीची कमी, वाऱ्याची जास्त. तिथे वारा मीटर प्रति सेकंदात सांगतात. 20 म्हणजे ताशी 72 किलोमीटर, आणि कॅम्परव्हॅनने तेव्हा रस्त्यावर असू नये. एरायफायोकुलचा पायथा, बोर्गारनेसजवळचा हाफ्नारफ्यात्ल आणि रेक्याविकच्या उत्तरेचं क्यालारनेस या तीन जागा झोतांसाठी कुप्रसिद्ध आहेत. रस्त्याकडेला तापमान आणि वारा दाखवणारे फलक असतात, ते वाचायची सवय लावा. रोज सकाळी चहाबरोबर हवामान खात्याचं आणि रस्ते प्रशासनाचं संकेतस्थळ बघा. नारिंगी इशारा असेल तर बेत बदला. हॉटेलचे पैसे बुडाले तरी चालतील. अडकल्यास 112. सुटकेला येणारी बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात, हे डोक्यात ठेवून धाडस करावं.

ज्वालामुखी फुटत असेल तर सहल रद्द करावी का?

बहुधा नाही. रेक्यानेस द्वीपकल्पावर 2021 पासून उद्रेकांची मालिका सुरू झाली. आधी फाग्राडाल्सफ्यात्ल परिसरात, मग डिसेंबर 2023 पासून ग्रिंडाविक गावालगत. 10 नोव्हेंबर 2023 ला ते गाव रिकामं केलं गेलं. पण हे उद्रेक भेगांतून लाव्हा वाहणारे आहेत, 2010 च्या एयाफ्यात्लायोकुलसारखे राखेचे ढग उठवणारे नव्हेत, म्हणून विमानं बहुतेक सुरू राहिली. उद्रेक बघायला जायचं तर अधिकाऱ्यांनी आखलेल्या वाटेनेच. नवा लाव्हा वरून काळा आणि टणक दिसला तरी आत तापलेला असू शकतो. त्यावर पाय ठेवायचा नाही.

दुसऱ्यांदा व्हिसा सोपा जातो का?

थोडा. आइसलँड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. मागच्या वेळचे बोटांचे ठसे 59 महिने चालतात, त्यामुळे ते बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नवी पद्धत आहे: गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या रहिवासी परवान्यावर जाता येतं. लंडनवाल्यांना, भारतीय पासपोर्ट असेल तर, शेंगेन व्हिसा लागतोच. भारतातून थेट विमान नाही. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी तपासा.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

रेक्याविक आणि आकुरेरीत उत्तम, मधल्या गावांत पेट्रोल पंपावरचं सूप आणि फ्राइज. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून सामान भरा. पूर्वेत दुकानं लवकर बंद होतात. भाजणी, मेतकूट, रेडीमेड उपमा न्यायला हरकत नाही. कच्चं मांस आणि कच्चं दूध नेता येत नाही. रोजचं 'स्कीर' दह्याच्या चक्क्यासारखं लागतं आणि साखर-वेलची घातली की श्रीखंडाची तहान भागते. मात्र पारंपरिक पद्धतीत त्याला रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं दूध गोठवणारं द्रव्य, वापरतात, काटेकोर शाकाहारींनी डबा वाचून घ्यावा. तिथली टोमॅटो-काकडी भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या हरितगृहांतली असते आणि चवीला चांगली असते.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. थंड नळाचं पाणी उत्कृष्ट. गरम नळाला काही भागांत गंधकाचा वास येतो, तो निरुपद्रवी आहे.

पोहण्याच्या तलावात कपडे काढून आंघोळ करावी लागते म्हणतात, खरं का?

खरं. आणि यासाठी तलाव टाळू नका, कारण आइसलँडचं गाव भेटतं ते तिथेच. तलावात क्लोरीन कमी ठेवतात, म्हणून उतरण्याआधी साबण लावून, पोहण्याचा पोशाख न घालता आंघोळ सक्तीची आहे. स्त्री-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या असतात. भिंतीवर माणसाच्या आकृतीचा फलक असतो, त्यावर डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगाने दाखवलेली असतात: एवढं धुवायचंच. काही ठिकाणी आडोशाचे कप्पेही असतात, काउंटरवर विचारा. कुणी कुणाकडे बघत नाही. पहिली दोन मिनिटं अवघड जातात, मग 39 अंशांच्या कुंडात गावातले आजोबा मेंढ्यांचे भाव सांगू लागतात.

उत्तरेत होफ्सोस गावाचा तलाव चुकवू नका. त्याची कड आणि फ्योर्डचं पाणी एका रेषेत दिसतं, आणि तिकीट गरम पाण्याच्या नावाजलेल्या लगूनांच्या मानाने किरकोळ.

कॅम्परव्हॅन कुठेही लावून झोपता येतं का?

नाही. अधिकृत कॅम्पिंगच्या जागेतच.

पेट्रोल, पार्किंग, टोल?

पंप बहुतेक स्वयंसेवेचे, पिन असलेलं कार्ड लागतं. यंत्र आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतं आणि नंतर सोडतं. फॉरेक्स कार्डावर कमी पैसे असतील तर तिथेच घोटाळा होतो. एगिल्सस्तादिर ते मीवाट्न पट्ट्यात पंप विरळ, टाकी भरून निघा.

पार्किंगला आता बहुतेक नामांकित ठिकाणी पैसे पडतात. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, ॲपवरून किंवा यंत्रावर पैसे भरायचे. विसरलात तर भाड्याची कंपनी स्वतःचं सेवाशुल्क जोडून बिल पाठवते. टोलचंही तसंच: आकुरेरीजवळच्या वाद्लाहैदी बोगद्याचा टोल नाक्यावर नाही, ऑनलाइन भरायचा. क्वालफ्योर्दुर बोगद्याचा टोल 2018 मध्ये बंद झाला.

आई-वडिलांना नेता येईल का?

गुडघे दुखत असले तरी येईल. गोदाफॉस, स्कोगाफॉसचा पायथा आणि योकुल्सारलोनचा काठ ही ठिकाणं गाडीतून उतरल्या-उतरल्या आहेत. स्वार्तिफॉस, तसंच सेल्यालँड्सफॉसच्या मागची ओली वाट, त्यांच्यासाठी नको. स्वच्छतागृहं दर तासाला मिळतीलच असं नाही, पंप दिसला की उतरा.

गाडी परत करताना काय जपावं?

ताब्यात घेताना आणि परत देताना चारी बाजू, काच, छत, चाकांच्या रिंगा आणि दारांच्या बिजागऱ्या यांचा व्हिडिओ काढा. परत देण्याआधी गाडी धुवा. पंपांवर पाण्याचा ब्रश फुकट असतो. धूळ तशीच ठेवली तर तिच्याखालचा ओरखडा दोन आठवड्यांनी ईमेलने सापडतो. पेट्रोलची शेवटची पावती जपून ठेवा. पहाटेच्या विमानासाठी किल्ली पेटीत टाकणार असाल तर पेटीचाही फोटो घ्या, आणि केफ्लाविक विमानतळावर रांगा मोठ्या असतात, म्हणून विमानाच्या तीन तास आधी किल्ली हातातून सुटलेली असावी.